हां, बास आणि पायडल

३ जुलै, गुरुवार

आज दिवसभर मी बटन होते.

विनोद नाही, खरंच! हे जाळी कापायच्या मशीनवर बसतात आणि मी भिंतीजवळ, बोर्डापाशी उभी. "हां" म्हणाले की दाबायचं, "बास" म्हणाले की बंद करायचं. देव्हाऱ्याची जाळी म्हणजे भोकंच भोकं. एका भोकातलं काम झालं की पातं काढून पुढच्या भोकात घालायचं, तेवढ्यापुरती मशीन बंद, मग परत चालू. हां. बास. हां. बास. जेवायला वाढताना सासूबाई "बास" म्हणाल्या, तर माझा हात भिंतीकडे गेला!

फाल्गुनात यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिघांवर एकदम घाला. पाय काठीच्या आधारानं चालतो. उजवा हात लाकडावर वजन म्हणून ठेवता येतो, एवढाच उपयोग. जीभ मात्र रुसून बसली ती बसलीच. सकाळी लिंगपूजेला बसले की सासूबाईंच्या जोडीनं "ॐ नमः शिवाय" अगदी स्पष्ट म्हणतात, पण "पाणी दे" एवढं येत नाही. तोंडात दोनच शब्द उरलेत, हां आणि बास. त्या दोन शब्दांवर आमचा देव्हाऱ्यांचा कारखाना चाललाय! कारखाना कसला — देवगाव फाट्यावर घरापुढं पत्र्याचं शेड.

डावा हात बिचारा सगळं शिकला. पातं घालणंसुद्धा. पण मशीन चालू असताना लाकूड दाबून धरायलाही तोच लागतो. तो उचलून बटनाकडे नेला की लाकूड थडथडतं आणि पातं तुटतं. म्हणून मी.

माझी शिलाई मशीन आतल्या खोलीत धूळ खातेय. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडे अडकलेत. रस्त्यात कुणी भेटलं की मीच तोंड चुकवते.

५ जुलै, शनिवार

शंभुराजचा पुण्याहून फोन. बाबा कसे आहेत? बरे आहेत. जेवतात का? जेवतात. मशीनवर बसतात? बसतात. मग म्हणाला, बाबांना दे. दिला. हे नुसते फोनकडे बघत राहिले. शेवटी मीच मागून म्हटलं, "बाबा म्हणायलेत, तब्येत सांभाळ." पोराला बरं वाटलं.

८ जुलै, मंगळवार

आज "हां"च्या जागी "दाब" म्हणाले. दाबलं. आणि तिकडे गॅसवर भात करपला!

सासूबाई स्वयंपाकघरातून, "भात जळून कोळसा झाला, अन् तू बटनापाशी काय चिटकून बसलीस?" घ्या. लेकासाठी उभी राहिले तरी बोलणी, नाही राहिले तरी बोलणी. देवानं मला दोन हात दिले, दोन्ही दुसऱ्याच्या कामाला लागलेत. माझं म्हणून जे काम आहे त्याला पाय लागतो, आणि ते पाय बोर्डापाशी उभे राहून सुजलेत. आज मी भांडी जरा जोरातच आपटली.

संध्याकाळी हरिओम आला. फाट्यावर पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान आहे त्याचं, आमच्या सगळ्या मशीन तोच बघतो. म्हणाला, "काकू, तुमी कशाला उभ्या राहायलाव? पायाचं बटन बसवून टाकू की! काकांनी पाय दाबला की मशीन सुरू. तुमी मोकळ्या!"

मोकळ्या! त्या एका शब्दावर मी त्याला दोनदा चहा पाजला.

११ जुलै, शुक्रवार

बटन वैतागून थोबाडीत मारल्यासारखं दाबलं, तर "हळू" म्हणाले. मशीनला म्हणाले की मला, कोण जाणे.

१४ जुलै, सोमवार

हरिओमनं पायाचं बटन आणलं. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मोठ्या ऐटीत स्वतःच बसला दाखवायला. लाकडाचा तुकडा धरला, पाय मारला, मशीन सुरू. "बघा काकू, कसं—" म्हणत माझ्याकडे वळला, पाय उचलला, हातही उचलला. मशीन कशाची थांबते! पात्यानं तुकडा घेतला आणि भिरकावला तो थेट त्याच्या भुवईवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हळद दाबून बसवला त्याला.

हे सगळं बघत होते. तुकडा उचलला, पातं तपासलं, आणि ते बटन काठीनं सरकवून दाराबाहेर केलं.

बरोबरच आहे. असलं बटन धडधाकट माणसाच्या कपाळाला लागतं, तर यांचं काय! पाय उचलला की मशीन बंद व्हायलाच पाहिजे. माझी शिलाई मशीन नाही का तशी? पाय थांबला की सुई थांबली.

१९ जुलै, शनिवार

सकाळच्या एसटीनं परभणीला जाऊन आले. मशिनरीच्या दुकानात पुरुषांची गर्दी, मला कुणी विचारेना. शेवटी गल्ल्यावरचा म्हणाला, "बाई, घरगुती सामान पलीकडच्या लाइनीत." मी म्हटलं, "घरगुती नको. पाय ठेवला की चालू अन् उचलला की बंद, असं बटन पाहिजे. वर लोखंडी टोपी पाहिजे, काही पडलं तर आपोआप दाबलं जाऊ नये. अन् एकदा दाबून चालूच राहतं ते दाखवू नका. त्यानं आमच्याकडं एकाची भुवई फुटली."

मग स्टूल दिलं बसायला.

आणलं. जड आहे, हिरव्या रंगाचं, माझ्या चपलेएवढं. हरिओम त्याला फूट स्विच म्हणतो, मी पायडल म्हणते. पायानं चालतं ते पायडल.

२० जुलै, रविवार

हरिओमनं नीट बसवलं. डाव्या पायाशी, कारण उजव्याचा भरवसा नाही. वायर भिंतीच्या कडेनं नेऊन खिळ्यांनी पक्की केली, काठी अडकू नये म्हणून. मशीनचं जुनं बटन आणि भिंतीवरचं बटन, दोन्ही चालूच ठेवायची, मग पायडल काम करतं. मी बसून बघितलं. पाय ठेवला, खर्र! पाय उचलला, गप. इतका आनंद झाला की उगीचच पाच-सहा वेळा केलं.

आणि हे? आले, बसले, खाली बघितलं. वाकले, डाव्या हातानं पायडलला शिवले, हात कपाळाला लावला. आणि पाय मागे घेतला तो घेतलाच! मी म्हटलं, अहो ठेवा पाय. मान नकारार्थी. परत म्हटलं. परत तेच. मग भिंतीकडे बोट. म्हणजे, तू तिथं उभी राहा.

मागे सासूबाई होत्याच. "दसऱ्याला ज्याची पूजा करायची त्याला लाथ मारायची व्हय? आमच्या मालकानं कधी पटाशीवरून पाय ओलांडला न्हाई. चुकून लागला तर कान पकडायचे."

मी म्हटलं, "माझ्या शिलाई मशीनला मी लग्न झाल्यापासून पाय लावते. तिथं कुठं पाप लागलं?"

"ती बायकांची मशीन!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! बायकांच्या मशीनमध्ये देव नसतो वाटतं. त्याच मशीनवर तुमच्या लेकाच्या दवाखान्याचे दिवस निघाले, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. इथं लिहिलं, झालं.

२३ जुलै, बुधवार

मी बटन. पायडलवर भुसा साचलाय.

४ ऑगस्ट, सोमवार

आजचं सगळं लिहिते. असा दिवस परत यायचा नाही.

श्रावणातला दुसरा सोमवार. दरवर्षीप्रमाणे स्वामी घरी आले. सेलूचे जंगम, आमच्या घराण्याचे गुरू. सासूबाईंनी आणि मी पाटावर बसवून त्यांचे पाय धुतले, विभूती-बेल वाहिलं, सगळ्यांनी तीर्थ घेतलं. यांना मी चमच्यानं पाजलं. आणि तीर्थ घेता घेता माझ्या डोक्यात आलं, ह्यांनाच विचारावं!

विचारलं. स्वामी हसायला लागले, सासूबाईंना म्हणाले, "चन्नबसम्मा, आत्ता तुमी माझ्या पायाचं पाणी प्यालात. पाय एवढा वाईट असता तर प्याला असता का? माणूस ज्या अंगानं काम करतो ते अंग चांगलंच. कुठाय ते तुमचं पायडल? दाखवा."

सगळी वरात शेडमध्ये. स्वामी स्टुलावर बसले, म्हणाले, "बघा, मीच ठेवतो पहिला पाय." मला एकदम दिसलं, पाय ओले आहेत! "स्वामी, थांबा, पाय पुसा, करंट—" म्हणेपर्यंत त्यांनी ठेवला. मशीन खर्र करून सुरू! मी धावत जाऊन भिंतीवरचं बटन बंद केलं, तोवर स्वामी असे उडाले की उपरणं एकीकडे अन् स्टूल एकीकडे! करंट-बिरंट काही नाही, नुसत्या आवाजाला घाबरले.

आणि मग मागून आवाज आला. हे हसत होते. तोंड वाकडं होऊन, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फाल्गुनानंतर पहिल्यांदा. मग स्वामीही हसले. सासूबाई काय बोलणार? स्वामींचाच पाय लागला म्हटल्यावर त्यांचं तोंडच बंद.

५ ऑगस्ट, मंगळवार

दाबलं! यांनी पायडल दाबलं!

आधी वाकून नमस्कार, मग पाय. पण पाय उचलला की परत वाकायला लागले. दरवेळी! पातं अजून पुरतं थांबलेलं नसतं, गळ्यातलं लिंग दोऱ्यासकट पुढं लोंबतं. मी ओरडले, "सकाळी एकदाच करायचा नमस्कार, दिवसभराचा आगाऊ!" मान हलवली. कबूल.

१३ ऑगस्ट, बुधवार

शेडमधून त्यांच्या मशीनचा आवाज, आतून माझ्या. त्यांचा पाय चालू, माझेही चालू. आज दोन ब्लाऊज आणि एक परकर संपवला. कंबर मोडली, पण ही मोडणी माझ्या कामाची आहे.

सकाळी ब्रशनं पायडलखालचा भुसा काढते. भुसा साचला तर पाय उचलूनही ते वर येत नाही, हे हरिओमनं बजावलंय. तेवढं केलं की मी मोकळी.

२५ ऑगस्ट, सोमवार

महालक्ष्म्यांच्या आधीची गर्दी. दाराशी बायकांची रांग. आता कुणाला तोंड चुकवावं लागत नाही.

यांचं छान चाललंय. जाळ्या पहिल्यासारख्या व्हायला लागल्यात. अगदी वेलबुट्टीचं वळणसुद्धा. जिंतूरच्या मनकर्णाबाईंच्या देव्हाऱ्याची ऑर्डर घेतली, घटस्थापनेच्या आत द्यायचाय. मला हाक मारावी लागत नाही त्यांना. मान डावीकडे कलली की पाणी. काठीकडे बघितलं की बाहेर जायचं. कपाळाला आठी पडली की चहा. मी शिवता शिवता दारातून बघते आणि उठते. इतक्या वर्षांचा संसार आहे, शब्द कशाला लागतात!

९ सप्टेंबर, मंगळवार

परभणीला दवाखान्यात जाऊन आलो. बोलणं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे. जूनमध्ये गेलो होतो, त्यानंतर आजच.

त्यांनी विचारलं, जेवण जातं का? मी म्हटलं, जातं. झोप? लागते. काम सुरू केलं का? केलं ना, पायडल बसवलंय, एकटेच करतात आता सगळं! मी अगदी कौतुकानं सांगत होते.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी त्यांना विचारतेय."

मी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी पेन दाखवला, हे काय? काही नाही. पेला दाखवला. काही नाही. "मागच्या वेळी हां आणि बास येत होतं. म्हणा बरं, हां." यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या. आवाज आलाच नाही.

मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण? यांचं नाव काय?" हे माझ्याकडे बघत राहिले. मला त्यातही हसू आलं. धड होते तेव्हाही यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. अगं, नाहीतर ऐकलंस का, नाहीतर खाकरायचं. मी तरी कुठं घेते? ते काय डॉक्टरीणबाईंना सांगणार!

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "घरी दिवसभरात अशी कोणती गोष्ट आहे, जी बोलल्याशिवाय त्यांना मिळत नाही?"

मी विचार करायला लागले. पाणी? मी देते. चहा? देते. मशीन? पायानं चालते. एकही सापडेना.

"मंत्र येतो तो वेगळा," त्या म्हणाल्या. "पाठ असलेलं आपसूक येतं. पण मागायची वेळ आली की शब्द शोधावा लागतो, आणि शोधल्यानं तो परत येतो. तुम्ही मागायच्या आधीच देता. बोलणं मागे गेलंय त्यांचं. हेच महिने कामाचे आहेत, ताई. पुढं फार अवघड होतं."

येताना गाडीत खिडकीशी हे झोपले. मी जागी. हां. बास. मग "दाब" आलं होतं, भात करपला त्या दिवशी. मग "हळू". मला त्या दिवशी भाताचंच पडलं होतं! मी भिंतीपाशी उभी होते म्हणून त्यांना बोलावं लागत होतं. रडतखडत, पण नवे शब्द यायला लागले होते. मग मी पायडल आणलं.

मी मोकळी झाले आणि ते मुके झाले.

१० सप्टेंबर, बुधवार

पायडल काढलं. हरिओमला न सांगता, स्वतः. पिन उपसली आणि शिवायच्या कापडांच्या पेटीत, तळाशी घातलं. मशीन पहिल्यासारखी केली. बोर्डापाशी उभी राहिले.

हे आले. सवयीनं वाकले नमस्काराला. हात नुसता फरशीला लागला. वर बघितलं. मी म्हटलं, "म्हणा हां. मी दाबते."

बघत राहिले. मग चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, दुसरा झटका येतो की काय! काठी आपटली आणि उठून गेले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेड बंद. हे ओट्यावर, पाठ माझ्याकडे.

पाणीसुद्धा आपण होऊन द्यायचं नाही असं ठरवलंय. मान कलली. दिसलं मला. जागची हलले नाही. म्हटलं, "काय पाहिजे? सांगा." शेवटी स्वतः उठले, काठी टेकत माठापाशी गेले. डाव्या हातानं तांब्या भरला, अर्धं पाणी अंगावर सांडलं. मी बघत उभी. असं बघत उभं राहणं लय अवघड!

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकराचं चांगलं चाललेलं तुला बघवंना का? त्याला नको व्हतं तवा तूच बसवलंस. आता त्याला पायजे तर तूच दडवलंस. काय म्हणावं तुला?"

डॉक्टरीणबाईंचं सगळं परत समजावलं. "ते ठीक हाय गं," म्हणाल्या, "पर त्याच्या डोळ्यांत पाणी व्हतं सकाळी."

१५ सप्टेंबर, सोमवार

आज खडू घेऊन प्लायवूडवर डाव्या हातानं चित्र काढलं यांनी. पाऊल, त्याखाली चौकोन, चौकोनातून निघालेली वायर. आंधळ्यालाही कळावं असं. माझ्यापुढं आणून धरलं.

मी म्हटलं, "हे काय? पपई?"

प्लायवूड फेकलं त्यांनी. मला हसू आणि रडू एकदम आलं. किती दुष्टपणा करायला लागतेय मला!

१७ सप्टेंबर, बुधवार

हरिओम चोरासारखा आला. पाठीमागं पिशवी. "काय आहे पिशवीत?" तर नवीन फूट स्विच! हे सकाळी काठी टेकत त्याच्या दुकानापर्यंत गेले होते म्हणे. एकटे, रस्ता ओलांडून! खुणांनी सांगितलं.

"काकू, शिवप्रकाशकाकांनी एवढं समजावून सांगितलं, मला लगेच कळलं—"

"तेच चुकलं! कळलं असलं तरी कळलं नाही म्हण. मान खाजव, इकडंतिकडं बघ. ते जोवर तोंडानं मागत नाहीत तोवर त्यांना काही द्यायचं नाही. दिलंस तर दुकानासमोर येऊन तमाशा करीन!"

बिचारा पिशवी घेऊन परत गेला. हे दारातून सगळं ऐकत होते. माझ्याकडे असं बघितलं, की परक्याकडेही कुणी बघू नये.

मनकर्णाबाईंचाही फोन येऊन गेला. सोमवारी घट आहेत, देव्हारा झाला का? एक जाळी राहिलीय, म्हटलं. होईल. कशी होईल ते नाही सांगितलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज रडले. लिहायला कसली लाज?

शब्द आलेच नाहीत तर? डॉक्टरीणबाईंनी काही लिहून दिलेलं नाही की येतीलच. मग मी काय केलं? बोलणं तर गेलंच होतं, हातातलं कामही मीच काढून घेतलं. त्या पायडलवर बसले की ते पहिल्यासारखे दिसायचे. पाठ ताठ, मान किंचित वाकडी, कानामागे पेन्सिल. तेवढंच उरलं होतं त्यांच्याकडे.

पेटी उघडली. पायडल काढलं. फटींतला भुसा सुईनं कोरून काढला. दारापर्यंत गेले घेऊन. हे ओट्यावर बसले होते, आपलाच उजवा हात डाव्या हातानं चोळत. एक शब्द. एकच, कसलाही. मी उभी राहिले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

परत पेटीत ठेवलं.

२० सप्टेंबर, शनिवार

मी आत ब्लाऊजला हुक लावत होते. शेडमधून काठी आपटल्याचा आवाज. एकदा, दोनदा. आणि मग आवाज. घोगरा, फाटका, रागानं थरथरणारा. आधी नुसताच म-म-म, आणि मग एकदम —

"महेश्वरी! पायडल दे!"

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. रस्त्यापलीकडचा चहावाला बाहेर आला.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी आतूनच म्हटलं, "काय? ऐकू आलं नाही."

परत ओरडले. माझ्या नावासकट.

पायडल पुसून दिलं.